‘पोटाचा पडदा’ आणि श्वासपटल

ऐरोलीच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, श्वसनाच्या व्यायामाच्या सूचनापत्रात आलेल्या ‘डायफ्राम’ला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वसनाच्या स्नायूला, मराठीत ‘पोटाचा पडदा’ म्हणावे की ‘श्वासपटल’. श्वासपटल म्हणावे. ‘पोटाचा पडदा’ हा प्रयोग ठाण्यात तलावपाळीपासून उपवनपर्यंत पहाटेच्या प्राणायाम वर्गांत सतत कानी पडतो आणि तो दिशाभूल करतो, कारण पोटातील अवयवांवरचे पातळ अस्तर, म्हणजे पर्युदर, ही निराळीच रचना आहे. त्याच वर्गांत ‘पोटात हवा भरा’ असेही सांगतात. हवा पोटात जातच नाही. श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकते, खालच्या अवयवांना दाबते आणि म्हणून पोट पुढे येते.

कोशांतील ‘मध्यपटल’ मला मान्य नाही, कारण तो शब्द केवळ जागा सांगतो, काम सांगत नाही. ‘पटल’ म्हटले की सुश्रुतसंहितेतील डोळ्याचे पातळ थर आठवतात, आणि हा तर स्नायू आहे; हा दोष ‘श्वासपटल’मध्येही उरतो, पण तो शब्द काम तरी सांगतो. पोटाच्या मागच्या भिंतीवर त्याचे दोन भक्कम पाय उजवीकडे कमरेच्या पहिल्या 3 आणि डावीकडे पहिल्या 2 मणक्यांना घट्ट धरून असतात.

‘डायफ्राम’ म्हणजे ग्रीकमध्ये आडवे कुंपण, हे सर्वजण सांगतात. त्याहून मोलाचा शब्द ‘फ्रेन’ हा आहे. ग्रीकमध्ये तो श्वासपटलालाही लावत आणि मनालाही. मानेतील तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या मज्जातंतूंपासून निघून श्वासपटलाला चालवणाऱ्या ‘फ्रेनिक’ मज्जातंतूत तो शरीराचा राहिला, तर 1908 मध्ये मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी रूढ केलेल्या ‘स्किझोफ्रेनिया’ या मनोविकाराच्या नावात तो मनाचा झाला. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहातील अपस्मारावरच्या (फेफऱ्यावरच्या) लेखनात मन श्वासपटलात मानण्याला स्पष्ट हरकत घेतली आहे: विचार मेंदू करतो, श्वासपटलाला ‘फ्रेन’ हे नाव केवळ रूढीने मिळाले.

मराठीत हेच ‘काळीज’ या शब्दाचे झाले आहे. संस्कृत ‘कालेय’ म्हणजे यकृत, आणि खाटकाकडची ‘कलेजी’ आजही यकृतच असते. तरीही काळजात धस्स होते ते भीतीने. ‘काळीज म्हणजे हृदय’ एवढेच लिहून थांबणारे व्युत्पत्तिकार येथे अर्धे काम करतात. ग्रीकांनी मन श्वासपटलात ठेवले आणि आपण त्याला लगटून असलेल्या यकृतात, हा योगायोग आहे असे मला मुळीच वाटत नाही. यकृत श्वासपटलाला अस्थिबंधांनी, म्हणजे चिवट पट्ट्यांनी, जोडलेले असते, प्रत्येक श्वासाबरोबर त्याच्यासह खाली-वर होते, आणि माणूस दचकून श्वास रोखतो तेव्हा ही दोन्ही एकदमच थांबतात.