‘फक्त कळवायचे होते’: ओरिएंटेशननंतरची पहिली स्वतंत्र ड्युटी

नव्याने नोकरीस लागलेल्या परिचारिका आणि त्यांचे पालक मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. ओरिएंटेशनच्या, म्हणजे अनुभवी परिचारिकेच्या हाताखाली काम शिकण्याच्या, काळात सगळे सुरळीत चालले होते, मग स्वतंत्र ड्युटी लागताच हातपाय का गळतात, आणि आपण या कामाला योग्य नाही असा त्याचा अर्थ घ्यायचा का? माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या अनुभवावरून मी याचे उत्तर देऊ पाहते. हे तिच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गोव्यातील डिचोली तालुक्यातील ही तेवीस वर्षांची मुलगी बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे पूर्ण करून एका खासगी रुग्णालयाच्या पुरुष मेडिसिन वॉर्डात रुजू झाली. सहा आठवडे तिने एका अनुभवी सिस्टरच्या हाताखाली काम केले आणि सातव्या आठवड्यात तिला स्वतंत्र रुग्ण मिळाले. त्यानंतर डिचोलीच्या बसस्थानकावर कदंब बसची वाट पाहतानाच तिच्या पोटात कळ येऊ लागली. ड्युटी संपवून घरी आल्यावरही तिचा जीव वॉर्डातच असे. जेवण अर्धवट टाकून ती वॉर्डात फोन करून विचारी, ‘चार नंबरचे सलाईन मी बंद केले होते ना? सहा नंबरची साखर केस पेपरवर लिहिली होती ना?’ आई म्हणे, ‘चार वर्षे शिकलीस, आता कसली भीती?’ आईच्या बोलण्यात माया होती, पण त्या वाक्याने मुलीची लाज दुप्पट झाली.

पहिल्या भेटीत मी तिला श्वासाचे व्यायाम आणि झोपेचे वेळापत्रक दिले. आज मला वाटते की तेव्हा मी घाई केली. तिच्या भीतीमागे एक प्रसंग होता आणि तो मी विचारलाच नाही. दुसऱ्या भेटीत तिने तो आपणहून सांगितला.

रात्रपाळीत न्यूमोनियाच्या एका वयस्कर रुग्णाचा श्वास मिनिटाला १८ वरून २६ वर गेल्याचे तिने मोजले. ऑक्सिजनचा आकडा तेव्हा ठीक दिसत होता. आदल्या आठवड्यात दुसरी एक शंका विचारल्यावर वरिष्ठ सिस्टरकडून ‘ओरिएंटेशन झाले ना तुझे?’ असे ऐकावे लागले होते, म्हणून या वेळी ती अर्धा तास गप्प राहिली. मग धीर करून तिने डॉक्टरांना फोन केला, ते आले, रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवले आणि काही दिवसांनी तो बरा होऊन घरी गेला. पण तिच्या मनाने निकाल देऊन टाकला होता: ‘मी नर्स होण्याच्या लायकीची नाही, मॅडम.’

मी तिला विचारले, ‘त्या रात्री सर्वांत आधी तुला काय दिसले?’ ती म्हणाली, ‘श्वास.’ प्रौढ माणसाचा श्वास साधारणपणे मिनिटाला १२ ते २० असतो. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या धोकासूचक गुणपद्धतीत २५ किंवा त्याहून अधिक श्वासाला एकट्यालाच तीन गुण आहेत, आणि एवढ्यावरूनही रुग्णाला तातडीने पाहिले जावे असे ती पद्धत सांगते. अनेकदा ऑक्सिजन घसरण्याआधी श्वास वाढतो, आणि वॉर्डात हेच सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटते. या मुलीच्या नजरेतून ते सुटले नव्हते. उशीर झाला तो बोलायला. आपली नजर योग्य आहे आणि आवाज अडतो आहे, असा फरक तिने कधी केलाच नव्हता. तो करताच आमच्या कामाला दिशा मिळाली, कारण आवाजाचा सराव करता येतो.

आम्ही माझ्या खोलीत तो फोन पुन्हा केला. मी डॉक्टर झाले, ती परिचारिका. वॉर्ड आणि रुग्ण कोणता, तो कशासाठी दाखल आहे, आपल्याला काय आढळले, आणि समोरच्याने काय करावे, हा क्रम तिला कॉलेजात शिकवलेला होता. पहिले तीन भाग ती न अडखळता बोलली. चौथ्या भागात ‘तुम्ही आत्ता येऊन पाहावे’ असे म्हणायचे होते. तिथे प्रत्येक वेळी तिच्या तोंडून निघे, ‘फक्त कळवायचे होते, सर.’ वडीलधाऱ्याला काय करावे हे सांगायचे नसते, या घरच्या वळणात ती वाढली होती, आणि ते वळण एरवी चांगलेच आहे. मात्र रात्री दोन वाजता ‘फक्त कळवायचे होते’ ऐकलेला डॉक्टर ‘बरं’ म्हणून फोन ठेवू शकतो. ते एक वाक्य तिच्या तोंडी बसायला आम्हाला दोन बैठका लागल्या.

घरून वॉर्डात केल्या जाणाऱ्या फोनांचा प्रश्न वेगळा होता. विचारून घेतले की घटकाभर बरे वाटते, पण त्यामुळे स्वतःच्या नोंदीवरचा विश्वास कमी होतो आणि दुसऱ्या दिवशी विचारण्याची गरज वाढते. म्हणून हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण पुढच्या परिचारिकेकडे सोपवण्याच्या, कागदावर प्रत्येक रुग्णापुढे झालेले आणि राहिलेले काम लिहायचे, आणि जे त्यावर आहे त्यासाठी फोन करायचा नाही, असे ठरले. खरोखर काही सांगायचे राहिले असेल, तर मात्र संकोच न करता लगेच फोन करायचा.

मला आवर्जून सांगायचे आहे की हा सगळा भार एकट्या मुलीवर टाकणे अन्यायाचे आहे. अमेरिकेतील परिचर्या-संशोधक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच शिक्षणातून प्रत्यक्ष कामात येताना बसणाऱ्या या धक्क्याला ‘रिॲलिटी शॉक’ म्हटले होते. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या वाढीचे पाच टप्पे मांडले, त्यांतला ‘सक्षम’ हा तिसरा टप्पा एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे काढल्यावर येतो. ही मुलगी सातव्या आठवड्यात त्या मापाने स्वतःला मोजत होती, आणि वॉर्डही तिला त्याच मापाने मोजत होता. ओरिएंटेशन संपले म्हणून शंका विचारण्याचा हक्क संपत नाही. ज्या वॉर्डात तो संपतो, तिथे इन्शुलिन किंवा पोटॅशियमच्या मात्रेची शंकासुद्धा मनातच राहते.

तिने इन-चार्ज सिस्टरना लेखी विनंती केली की चार आठवडे रात्रपाळीत एक वरिष्ठ परिचारिका सोबत असावी. दोन आठवडे मंजूर झाले.

अशा भीतीत दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर नोकरी सोडायची की नाही हा विचार बाजूला ठेवून आधी उपचार घ्यावेत. गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत, म्हणजे आयपीएचबीमध्ये, दाखवता येते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. या मुलीला तशी गरज पडली नाही.

पाचव्या महिन्यात ती शेवटची भेटली. घरून वॉर्डात केलेले फोन महिन्यात दोनवर आले होते, आणि त्यांतला एक योग्यच होता. रात्रपाळीच्या आधी पोटात अजूनही कळ येते, असे तिने सांगितले. त्या दिवशी ती एक बस आधीची पकडते आणि हँडओव्हर सुरू होण्यापूर्वी केस पेपर वाचून काढते.