स्पेनमधली कॅमिनोची पदयात्रा करताना वाटेतल्या लिऑन शहरात एक दिवस विश्रांती घेणार आहे. तिथे जेवणाचं कसं जमवावं?

आधी मुक्कामाचं बघा. यात्रेकरूंच्या आल्बेर्गेत, म्हणजे धर्मशाळेसारख्या निवासात, बहुधा एकच रात्र राहू देतात आणि सकाळी लवकर बाहेर काढतात, म्हणून एखादं साधं ओस्ताल (छोटं लॉज) बुक करा. मग निवांत लोळलात तरी चालेल, कारण दुपारचं जेवण तिथे दोनच्या आसपास सुरू होतं. तेव्हा 'मेनू देल दिया' मागवा: दोन पदार्थ, पाव, गोड किंवा कॉफी आणि पेय, सगळं ठरलेल्या दरात. पोट इथेच भरून घ्या. चारनंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट आठ-साडेआठपर्यंत.

रात्री बार्रिओ उमेदो या बारनी भरलेल्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत जा. लिऑनमध्ये पेय घेतलं की सोबत खाण्याची छोटी बशी फुकट येते. कुठे क्रोकेता (तळलेले छोटे रोल), कुठे तिखटसर बटाटे. एकाच बारमध्ये ठाण मांडू नका, एक पेय संपवा आणि पुढचा बार गाठा. शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. हॅम आणि टूना बऱ्याच जणांच्या लेखी मांसात मोडतच नाहीत! 'सिन खामोन, सिन आतून' असं नावं घेऊन सांगा. अंडं चालत असेल तर बटाट्याचं तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, आहेच. इथली प्रसिद्ध सेसिना (खारवून सुकवलेलं मांस) मात्र गोमांसाची असते.

रविवारची रात्र आणि सोमवार शक्यतो टाळा, बरीच हॉटेलं बंद असतात.