जपानमधला उन्हाळी ढोलांचा उत्सव एका दिवसात, पायी फिरून बघायचा असेल तर कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टोकियोत आहात, एक दिवस मोकळा आहे आणि शाकाहारी आहात. टोकियोच्या उत्तरेला असलेल्या मोरिओका शहरात जा. तिथला सान्सा ओदोरी, म्हणजे ढोल वाजवत नाचायचा उत्सव, दरवर्षी १ ते ४ ऑगस्टला असतो. टोकियोहून हायाबुसा या शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात.

मोरिओकाच का, तर तिथे ढोल एका जागी नसतो. जपानात बऱ्याच ठिकाणी ढोल लाकडी घडवंचीवर किंवा गाड्यावर ठेवून वाजवतात. सान्सात तो कापडाने अंगाला बांधतात, आणि वाजवणारे दोन्ही हातांत काठ्या घेऊन, पाय उचलत, कंबरेतून वळत नाचतात. मी पुण्यात पथकात वाजवलंय. ढोल कमरेला बांधून नुसतं चालताना खांदे कसे भरून येतात ते मला माहीत आहे. म्हणून हजारो माणसं ढोलासकट गिरक्या घेत रस्त्याने येताना पाहिली तेव्हा मी थक्क झालो. २०१४ मध्ये इथे ३,४३७ ढोल एकाच वेळी वाजले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली.

सकाळी पोहोचा. स्टेशनबाहेर पडलात की किताकामी नदीवरचा काइउन पूल लागतो. हवा स्वच्छ असेल तर तिथून इवाते पर्वत दिसतो, २,०३८ मीटर उंच. मग आधी मित्सुइशी देवळात जा, चालत वीसेक मिनिटं. देऊळ लहानसं आहे, पण आवारात तीन प्रचंड शिळा आहेत आणि सान्साची कथा तिथलीच. रासेत्सु नावाचा राक्षस गावाला छळायचा. लोकांनी देवाला साकडं घातलं, देवाने राक्षसाला या शिळांना बांधलं, आणि 'पुन्हा येणार नाही' असं वचन देत त्याने दगडावर हाताचा ठसा उमटवला. त्या आनंदात लोक शिळांभोवती नाचले, तोच हा नाच. ही जागा न बघता संध्याकाळी थेट मिरवणुकीला जाऊ नका, एवढं माझं ऐकाच.

तिथून दक्षिणेला चालत आलात की न्यायालयासमोर ग्रॅनाइटचा खडक फोडून वाढलेलं चेरीचं जुनं झाड दिसेल. पुढे इथल्या जुन्या सरदारांचा, नाम्बु घराण्याचा, किल्ला. आतल्या इमारती १८७४ मध्ये पाडल्या, पण ग्रॅनाइटचे तट शाबूत आहेत आणि दुपारी तिथे छान सावली असते. जवळच नाकात्सु नदीकाठी बँकेची १९११ ची लाल विटांची इमारत आहे. टोकियो स्टेशन ज्यांनी बांधलं त्या तात्सुनो किंगो यांचंच हेही काम.

खाण्याचं मात्र जपून. इथलं रेइमेन, म्हणजे थंड नूडल्स, मांसाच्या रश्श्यात असतं आणि सोबा नूडल्सच्या रश्श्यात मासळी असते, 'भाजीचं' म्हणून दिलं तरीही. फुकुदा पान या बेकरीचा लांबट पाव घ्या, आत अझुकी या बारीक लाल कडधान्याचं गोड सारण आणि लोणी भरून देतात. त्यावर दुपार सहज निघते.

मिरवणूक संध्याकाळी सहाला चुओ-दोरी रस्त्यावर सुरू होते. पैसे भरून बसायच्या जागा असतात, पण तुम्ही त्या घेऊ नका. फुटपाथवरून, गर्दी वाट देईल तसं, एखाद्या पथकाच्या बरोबरीने चालत राहा. पथकात नाचणारे, ढोल आणि बासऱ्या अशा तीन फळ्या असतात, आणि चालताना त्या एकामागून एक कानावर येतात. बसून राहिलात तर प्रत्येक पथक काही क्षणांत निघून जातं. मधूनच सगळे 'साक्कोरा, चोइवा यास्से' असा पुकारा करतात, तो दहा मिनिटांत तुमच्याही तोंडी बसेल.

बारकाईने बघितलंत तर बऱ्याचशा पथकांची पावलं सारखी दिसतील. आसपासच्या गावांचा सान्सा मुळात वेगवेगळा. १९७८ मध्ये शहराचा हा उत्सव सुरू झाला तेव्हा सगळ्यांना एकत्र नाचता यावं म्हणून एक समान रूप बसवलं. गावांची जुनी पथकंही मिरवणुकीत येतात. ती आली की थांबून बघा, त्यांचा ठेका आणि पेहराव वेगळा असतो. मला तीच जास्त आवडतात.

मिरवणुकीनंतर रस्त्यातच गोल धरून नाच होतो आणि त्यात कुणीही, साध्या कपड्यांत, सामील होऊ शकतं. समोरच्याची पावलं बघत फिरायचं, कुणी हटकत नाही. हे चुकवू नका. त्यासाठी रात्री मोरिओकातच मुक्काम करा, कारण शिनकानसेन मध्यरात्रीनंतर धावत नाही आणि टोकियोची शेवटची गाडी त्यामुळे लवकर सुटते. त्याच आठवड्यात आओमोरीचा नेबुता आणि अकिताचा कांतो हे उत्सवही असतात, त्यामुळे खोल्या फार आधी भरतात. हायाबुसात आरक्षणाशिवाय बसता येत नाही. तारीख ठरली की आधी खोली, मग लगेच तिकीट.