इंजिनाआधी ड्राइव्ह ठरवा

बोटीत दमदार पेट्रोल इंजिन बसवायचा तुमचा बेत वाचला. हल (बोटीचं बाहेरचं अंग) चांगला निवडलाय, पण सगळा जीव हॉर्सपॉवरमध्ये अडकलाय, तो जरा बाजूला ठेवा. स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद प्रोपेलरपर्यंत नेणारा बोटीच्या मागचा गिअरचा भाग, मोडतो तो बहुतेक वेळा टॉर्कच्या (फिरवणाऱ्या जोराच्या) हिसक्याने. लाटेवरून बोट उडाली की प्रोपेलर हवेत मोकळा फिरतो, आरपीएम (मिनिटाचे फेरे) चढतो आणि पाण्यात परतताच सगळा झटका गिअरच्या दातांवर येतो. म्हणून आधी ड्राइव्ह किती टॉर्क पेलतो ते बघा, मग त्याला झेपेल असं इंजिन निवडा. बोट हवेत गेली की थ्रॉटल कमी करायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

जोरदार कॅमशाफ्टचा (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, म्हणजेच कॅमचा) मोह आवरा, हे अगदी कळकळीने सांगतोय. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये थंड करायला पाणी सोडलेलं असतं. व्हॉल्व्ह ओव्हरलॅप जास्त असलेला, म्हणजे हवा आत घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे ठेवणारा कॅम कमी आरपीएमला तेच पाणी उलटं सिलिंडरकडे ओढतो. आयडलला आवाज झकास येतो आणि आत व्हॉल्व्ह गंजत असतात. असा कॅम हवाच असेल, तर पाणी एक्झॉस्टच्या पार टोकाशी मिसळणारे हेडर (इंजिनाला जोडलेले एक्झॉस्टचे पाइप) घ्या.

गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर चुकूनही लावू नका. त्यांच्या ठिणगीने बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साठलेली पेट्रोलची वाफ पेटू शकते. मरीन भाग त्यासाठीच वेगळे बनवतात. सुरू करण्याआधी ब्लोअर (ही वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा. किल स्विचची (चालक जागेवरून फेकला गेला तर इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी अंगाला अडकवलेलीच हवी.

इंजिन बसवलं की अलाइनमेंट बार (इंजिन आणि ड्राइव्ह सरळ रेषेत आहेत का ते तपासायची दांडी) कपलरमध्ये, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या भागात, हाताने, अलगद सरकला पाहिजे. ठोकावा लागला, तर माउंट (इंजिन ज्यावर बसतं ते आधार) पुन्हा जुळवा.