पहिला डबा वेल्डिंगला घेण्यापूर्वी

अनेक आशीर्वाद.

हत्यारांचा डबा स्वतः आखून, लेझरवर कापून घेऊन, वेल्डिंगही स्वतःच करायचा तुझा बेत मला आवडला. पत्रा २ मिलिमीटरचाच घे. १ मिलिमीटरच्या पत्र्याला नवख्या हातून भोके पडतात.

डीएक्सएफ फाइल (कापायच्या आराखड्याची संगणकावरची फाइल) देण्यापूर्वी एकच रेघ एकावर एक दोनदा आलेली नाही ना, हे तपास, कारण तशी असल्यास यंत्र त्याच वाटेने पुन्हा जाते आणि कड जळते. एकमेकांत अडकणाऱ्या जिभांसाठीची (पत्र्याच्या कडेला पुढे आलेल्या पट्ट्यांसाठीची) खाच २.२ मिलिमीटर रुंद ठेव. कापताना कोणता वायू वापरणार, हेही आवर्जून विचार. नायट्रोजनने कड चकचकीत येते, तर ऑक्सिजनने तिच्यावर ऑक्साइडचा करडा पापुद्रा राहतो आणि तो घासून काढला नाही, तर रंग पुढे तिथूनच सुटतो. यंत्र चालू असताना त्याच्या संरक्षक काचेतूनच पाहा, कारण फायबर लेझरचा किरण डोळ्याला दिसत नाही, पण दृष्टिपटलापर्यंत पोचतो.

लेझरवरून आलेले भाग इतके चपखल बसतात की डबा झालाच, असे वाटते आणि तिथेच फसगत होते. माझा पहिला डबा असाच गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, बसला होता. मी एका कोपऱ्यापासून अख्खा जोड एका दमात ओढला आणि थंड झाल्यावर कर्ण मोजले, तर त्यांत ४ मिलिमीटरचा फरक! वितळलेला धातू थिजताना आकसतो आणि पत्र्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून आधी सगळ्या कोपऱ्यांना टाके, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मार, कर्ण मोज, आणि मग समोरासमोरच्या बाजूंवर आळीपाळीने जोड २०-२५ मिलिमीटरच्या तुकड्यांनी भरत जा.

६०१३ या प्रकारचा अडीच मिलिमीटरचा वेल्डिंग रॉड घे आणि ६०-७० अँपिअरवर आधी भंगारातल्या त्याच जाडीच्या तुकड्यांवर हात बसव. जोड नीट आला असेल, तर स्लॅग (जोडावर जमणारा कठीण थर) हातोडीच्या हलक्या ठोक्याने सालीसारखा सुटतो. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा स्वस्त मिळाला तरी नको. त्याच्या धुरातले जस्त छातीत गेले की रात्री थंडी वाजून ताप भरतो. कपडे सुती घाल, आणि एका टाक्यासाठीसुद्धा वेल्डिंगच्या मुखवट्यातल्या १० किंवा ११ नंबरच्या गडद काचेशिवाय रॉड टेकवू नकोस. ‘एवढ्याने काय होते’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांत रात्रभर वाळू खुपते, हे मी अनुभवाने सांगतो.

टाके मारून झाले की थांब आणि दोन्ही कर्णांची मापे मला कळव.

तुझा,
काका