सरकारी कर्मचारी धर्म आणि संस्कृतीमुळे नवं तंत्रज्ञान टाळतात का? असेल तर उपाय काय?

धर्माच्या नावाने उगाच खडे फोडले जातात. दसऱ्याला कुठल्याही तहसील कचेरीत जाऊन बघा, संगणकाला झेंडूची माळ आणि सीपीयूला हळदकुंकू लावलेलं असतं. घोडं अडतं ते सहीपाशी. ‘कर्मचारी जुनाट आहेत’ असं म्हणत फिरणाऱ्या प्रशिक्षकांचा मला मनापासून राग येतो, म्हणून फक्त ७/१२ चं उदाहरण घेतो.

हस्तलिखित काळात फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) धरला की तलाठी ७/१२ वर पेन्सिलीने नोंद घ्यायचा. मग नोटीस, हरकतीचे १५ दिवस, मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणन, आणि त्यानंतरच शाई. जमीन विकलेल्याचं नाव खोडायचं नाही, त्याला कंस करायचा. कच्चं कुठलं, पक्कं कुठलं, आधी कोण होतं, सगळं एका नजरेत कळायचं. हेच संगणकावर चढवताना डेटा एन्ट्रीत एखादा कंस सुटला की जमीन विकून मोकळा झालेला माणूस कागदावर पुन्हा मालक. त्यावर सही कोणाची? तलाठ्याची. तो बिचकला तर त्याला मागास कसं म्हणणार?

हिश्शांचंही तसंच. तीन भाऊ, १ हेक्टर. जुन्या कागदावर प्रत्येकाचे १६ आण्यांतले ५ आणे ४ पै. हिशोब चोख. संगणकाला मात्र हेक्टर, आर, चौरस मीटर लागतं. प्रत्येकी ०.३३.३३ (३३ आर, ३३ चौरस मीटर) भरलं की बेरीज ०.९९.९९, म्हणजे १ चौरस मीटर गायब आणि एकूण क्षेत्राशी मेळ बसत नाही. तो मीटर कोणाच्या नावावर घालायचा? तलाठ्याने परस्पर एकाला ०.३३.३४ लिहिलं तर भावकीत ठिणगी पडायला तेवढं पुरतं. वाटप झालेलं नसेल तर सामाईक खात्यात क्षेत्र एकत्रच ठेवा. झालं असेल तर वाटपाच्या कागदाबरहुकूम भरा. लेखनप्रमादाची दुरुस्ती असेल तर आधी जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांचा लेखी आदेश घ्या. ‘करून टाक, बघू नंतर’ अशा तोंडी सांगण्यावर डीएससी (डिजिटल सही) लावू नका. २०१७ मध्ये संगणकीकृत ७/१२ चं चावडी वाचन झालं, ते मला म्हणूनच पटतं. चूक गावासमोर निघाली की ती एकट्या तलाठ्याच्या माथी बसत नाही.

कचेरीची रीत ओळखून बांधलेली प्रणाली पचते. केंद्राच्या ई-ऑफिसमध्ये, म्हणजे संगणकावर फाइल चालवायच्या प्रणालीत, अंतिम टिपणी हिरव्या पानावर आणि कच्ची पिवळ्यावर असते. कागदी फाइलची हिरवी टिपणी हाताळलेल्याला ते वेगळं शिकवावं लागत नाही. उलट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन नीट चालत नव्हते आणि पोषणाच्या नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होतं. मराठीत काम करणाऱ्या बाईला इंग्रजी ॲप द्यायचं आणि वर तिलाच अडाणी ठरवायचं, हे मला कधीच मान्य होणार नाही.

खरी वाईट सवय वरच्या खुर्चीत आहे. कीबोर्डला हात लावणं कमीपणाचं वाटतं, म्हणून साहेबांची डीएससी आणि पिन दोन्ही ऑपरेटरच्या खणात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे डिजिटल सहीची किल्ली ताब्यात ठेवायची जबाबदारी प्रमाणपत्र ज्याच्या नावावर आहे त्याची. टोकन (सही ज्यात असते तो यूएसबी) खिशात ठेवा, पिन स्वतः टाका, आणि पुन्हा पुन्हा चुकीचा टाकू नका, टोकन लॉक होतं. मुदत संपायच्या महिनाभर आधी नूतनीकरणाला लावा. बदली झाली की जुन्या ठिकाणचं लॉगिन बंद करून घ्या.

आता धर्माचं, कारण तुमचा प्रश्न तोच होता. काही बाबतींत फरक पडतो, नाही म्हणत नाही. सणासुदीला बोटांवर मेंदी असली की ठसे घेणारा ऑप्टिकल स्कॅनर अडखळतो. नोंदणीच्या वेळीच दोन्ही हातांची बोटं घ्या. चेहऱ्याची हजेरी असेल तर नकाब घेणाऱ्या कर्मचाऱ्यांची नोंदणी आडोशाला, महिला कर्मचाऱ्याकडून करा. पूजेचं कुंकू स्कॅनरच्या काचेवर आणि पंख्याच्या जाळीत जाऊ देऊ नका. टिळा सीपीयूच्या डब्याच्या वरच्या पत्र्यावर लावा, वीज बंद ठेवा, पाणी शिंपडू नका. स्कॅनरच्या काचेवर डाग पडलाच तर मऊ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा.

पितृपक्षात नवी प्रणाली सुरू करू नका, विनाकारण कुरकुर ओढवून घ्याल. गुढीपाडवा मुहूर्त म्हणून चांगला, पण तो मार्चअखेरच्या धामधुमीच्या आसपास येतो. महसूल खात्यात १ ऑगस्ट घ्या. महसुली वर्ष त्या दिवशी सुरू होतं, दप्तर नाहीतरी नव्याने उघडायचंच असतं.