वाचक विचारतात : पाच हजार मीटरची चढाई आणि घरची तालीम

या वेळची निवडक पत्रं सातारा-सांगलीकडची आहेत आणि सगळी हिमालयातल्या उंच शिखरांविषयी आहेत. बहुतेकांच्या डोक्यात मनालीजवळचं फ्रेंडशिप (5,289 मीटर) आहे, म्हणून उदाहरणंही तिथलीच घेतली आहेत.

आठवड्यातून चार दिवस अजिंक्यतारा चढतो. वेळही बराच कमी केला आहे. एवढी तयारी पुरेल का? (सातारा)

पायांसाठी बऱ्यापैकी पुरेल, उंचीसाठी अजिबात नाही. गावातून अजिंक्यताऱ्याचा माथा साधारण 300 मीटर वर आहे. फ्रेंडशिपच्या शेवटच्या रात्री लेडीलेगच्या तळावरून (3,800 मीटरच्या आसपास) निघालात, तर शिखरापर्यंत 1,400 मीटरहून जास्त चढ आहे. म्हणजे जवळजवळ पाच अजिंक्यतारे, एकापाठोपाठ एक. त्यातही माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडासाच जास्त.

त्यामुळे घड्याळ लावून पळणं सोडा आणि वजन नि फेऱ्या वाढवा. निघण्याआधीचे बारा आठवडे हाताशी ठेवा. सुरुवातीला पाठीवर 3-4 किलो घ्या, दर दोन आठवड्यांनी दीड-दोन किलो वाढवत 10 किलोपर्यंत न्या. रविवारी सलग दोन फेऱ्या, नवव्या आठवड्यापासून तीन. बोलत बोलत चढता आलं पाहिजे. वाक्य मध्येच तुटत असेल तर वेग जास्त आहे. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या न्या. शेवटच्या फेरीत ते पाणी वर झाडांना घाला, तेवढेच गुडघे वाचतील. मात्र प्रत्येक फेरीत रिकाम्या पाठीने उतरू नका. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि त्याची सवय वेगळी करावी लागते. शिखरावरून परतताना पाय लटपटतात ते बहुधा इथेच कमी पडल्यामुळे. शेवटच्या आठवड्यात वजन निम्मं करा.

उंचीची सवय मात्र इथे होणार नाही. शरीर त्यासाठी बदलायला लागतं ते साधारण 2,500 मीटरच्या वर, आणि आपलं कळसूबाई 1,646 मीटरचं.

डायमॉक्सची गोळी घेतली की विरळ हवेचा त्रास होत नाही, असं सांगतात. खरं का? (मिरज)

अर्धवट खरं. वर ऑक्सिजनचं प्रमाण कमी होत नाही, ते सुमारे 21 टक्केच राहतं. दाब घटतो, म्हणून प्रत्येक श्वासात कमी ऑक्सिजन मिळतो. शरीर जोरात श्वास घेऊन भरपाई करू पाहतं, पण त्याने रक्त अल्कधर्मी व्हायला लागतं आणि श्वासाला पुन्हा लगाम बसतो. डायमॉक्स, म्हणजे अॅसिटाझोलामाइड, मूत्रपिंडांवाटे बायकार्बोनेट (रक्त अल्कधर्मी ठेवणारा क्षार) बाहेर टाकायला लावते आणि हा लगाम सैल करते. एवढंच तिचं काम. सवय लवकर होते, पण घाईघाईने चढणाऱ्याला तिचं संरक्षण नाही. प्रतिबंधासाठी मोठ्यांना सहसा 125 मिलीग्रॅम दिवसातून दोनदा देतात आणि चढाईच्या आदल्या दिवशी सुरू करतात. सल्फाची अॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नका. बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते, त्याने घाबरून जायचं कारण नाही.

खरा उपाय म्हणजे दिवस. 3,000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा 500 मीटरहून जास्त उंच नसावा, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी राहावं. दिवसा वर जाऊन खाली झोपायला आलात तर उत्तमच. आठ दिवसांचा कार्यक्रम सहा दिवसांत ‘बसवून’ देणाऱ्याकडे पैसे भरू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्या दृष्टीने गोवा एक्स्प्रेसने दिल्ली आणि पुढे बसने मनाली हा कंटाळवाणा प्रवास वाईट नाही. विमानाने थेट 3,500 मीटरच्या लेहला उतरणाऱ्याला पहिले दोन दिवस नुसतं पडून राहावं लागतं.

डोकेदुखी आणि सोबत मळमळ, गरगर किंवा गळाठा आला, तर तो विरळ हवेचा त्रासच समजा. पित्त म्हणून झटकून टाकू नका. अशा वेळी वर चढायचं नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या रात्रीचा श्वास मंदावतात, त्या वर्ज्य. संशय आला तर माणसाला सरळ रेषेत टाचेला अंगठा भिडवत दहा पावलं चालायला लावा. तोल गेला, बोलणं बरळल्यासारखं झालं, किंवा बसल्याजागी धाप लागून खोकला येऊ लागला, तर पहाटेची वाट पाहू नका. सोबतीने त्याच वेळी खाली उतरवा, निदान 300 मीटर, जमलं तर 1,000. मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याची ही लक्षणं आहेत आणि काही तासांत ती जिवावर बेततात.

सह्याद्रीतले सोपे रॉकपॅच (कातळाचे छोटे टप्पे) आम्ही दोराशिवाय चढतो. हिमालयातला खडक वेगळा असतो का? (कराड)

बराच वेगळा. आपला काळा कातळ लाव्हाच्या जवळपास आडव्या थरांचा. त्यामुळे पायऱ्या मिळतात, पाय टेकायला सपाट जागा असते. हिमालयातले थर मुडपलेले, कललेले. शिवाय भेगांत शिरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं आणि धोंडे सुटे करून ठेवतं. भक्कम दिसणारी पकड हातात येते ती अशी.

म्हणून भार टाकण्याआधी प्रत्येक दगड तळव्याने ठोका. पोकळ, ढबढब आवाज आला तर सोडून द्या. पकड बाहेर ओढू नका, खाली दाबा. सुटा दगडसुद्धा खाली दाबला तर बरेचदा जागीच राहतो. दोन हात आणि दोन पायांपैकी एका वेळी एकच हलवायचा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. वर ओढून घेण्याचं काम पायांचं, हात फक्त तोल सांभाळायला. छाती कातळाला चिकटवू नका, पाय दिसत नाहीत आणि बुटाचा तळ सरकतो. चढलेली प्रत्येक हालचाल उतरता येईल का, हे चढण्याआधीच पाहा. येत नसेल तर तिथून पुढे दोर आणि वाटाड्या हवाच. खडकात अडकवलेल्या नांगराशिवाय (दोर पेलणाऱ्या पक्क्या आधाराशिवाय) नुसता एकमेकांना दोर बांधला, तर एकाबरोबर दुसराही जातो.

घसाऱ्यावर एकामागोमाग सरळ रेषेत चढू नका. वरच्याने सोडलेला दगड थेट खालच्याच्या डोक्यावर येतो. नागमोडी जा, किंवा अगदी जवळजवळ राहा म्हणजे दगडाला वेग यायला जागा उरत नाही. अरुंद घळीत एकाने पार होईपर्यंत बाकीच्यांनी आडोशाला थांबावं. दगड सुटला की ‘दगड!’ अशी आरोळी द्यायची. ती ऐकणाऱ्याने वर न पाहता मान खाली घालून कातळाला बिलगायचं. हेल्मेट हवंच, त्यावर चर्चा नको.

रात्री एक वाजता निघायचं कशासाठी? अंधारात काही दिसत नाही. (वाई)

रात्री बर्फ घट्ट असतं, पाऊल बुडत नाही. गोठलेले दगडही जागेवर असतात. ऊन चढलं की बर्फाची खिचडी होते, गुडघाभर रुतायला होतं आणि वरून दगड सुटू लागतात. दुपारी ढग भरून येतात. धारेवर विजेचा धोका असतो.

हिशेब असा मांडा. 4,000 मीटरच्या वर तासाला 150 ते 200 मीटर चढ झाला तरी चांगला. 1,400 मीटरला सात ते नऊ तास, उतरायला चार-पाच. एकला निघालात तर आठ ते दहाच्या दरम्यान माथा. परत फिरण्याची वेळ, समजा दहा, आदल्या संध्याकाळी ठरवा आणि सगळ्यांसमोर बोलून दाखवा. माथा शंभर मीटरवर दिसत असला तरी ती बदलायची नाही, कारण वर पोचल्यावर विरळ हवेतल्या डोक्याने घेतलेला निर्णय भरवशाचा नसतो.

वर भूक लागत नाही म्हणे. न्यायचं काय? (तासगाव)

तुमच्या गावचे बेदाणे. त्यांच्यासोबत शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू आणि साताऱ्याचे कंदी पेढे. दर पाऊण तासाला एक मूठ, भूक असो वा नसो. खिशात मोजे घातलेल्या हाताने उघडतील अशा पुड्या करा. भडंग घरी ठेवा. जागा फार अडवतं आणि तिखटाने तहान लागते. दिवसाला तीन-चार लिटर पाणी. थंडीत बाटली उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूला आधी धरतं, बूच मोकळं राहतं.

किल्ल्यांवर वापरतो त्याच बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे, तळाला बांधायचे धातूचे दात) लावता येतील का? (विटा)

नाही. मऊ तळ वाकला की क्रॅम्पॉन निखळतं. ताठ तळाचे बूट मनालीत भाड्याने मिळतात; जाड मोज्यांसकट घालून पाहा आणि बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा सोडा, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. क्रॅम्पॉन खोलीतच त्या बुटांवर चढवून, पट्टे आवळून, पाय झटकून पाहा. बर्फाची कुऱ्हाड रोवून घसरण थांबवायचा सराव तळाजवळच्या उतारावर, जिथे खाली दगड नाहीत अशा जागी, निदान दहा-बारा वेळा करा. पोटावर, पाठीवर, डोकं खाली असताना, असा सगळ्या बाजूंनी. दुपारच्या ओल्या बर्फात क्रॅम्पॉनखाली गोळे धरतात, ते कुऱ्हाडीच्या दांड्याने झटकत चला. आणि उतरताना बसून घसरायचा मोह झालाच, तर आधी क्रॅम्पॉन काढा. दात बर्फात अडकला की घोटा तिथेच मोडतो.

लडाखमधलं स्टोक कांगरी (6,153 मीटर) अजून सुरू आहे का? (कोरेगाव)

स्टोक गावाच्या पाण्याच्या प्रश्नामुळे 2020 पासून ते बंद केलं. लडाखमध्येच कांग यात्से दोन (6,250 मीटरच्या आसपास) हा पर्याय आहे, जुलै-ऑगस्टमध्ये. पण आधी पाच हजारांचं एखादं शिखर करून या.